जंतरमंतर आणि मध्यरात्रीचा वीजतंत्री

जयपूरला बदली झाल्यापासून घरी येणाऱ्या प्रत्येक पाहुण्याला मी जंतरमंतर दाखवावयास नेतो. सुमारे २७ मीटर उंचीच्या सम्राट यंत्रासमोर उभा राहून पाहुणा हमखास विचारतो, "वेळ पाहण्यासाठी एवढा डोंगर कशाला?"

याचे उत्तर सवाई जयसिंहांनीच देऊन ठेवले आहे. पितळी यंत्रे लहान असतात, त्यांचे आस झिजतात, वर्तुळांचे मध्य सरकतात, ही त्यांची तक्रार. म्हणून त्यांनी दगडचुन्याची यंत्रे बांधविली. त्या यंत्रांत चातुर्य नाही असे मात्र नव्हे. मधल्या भिंतीची तिरकी कड जयपूरच्या अक्षांशाइतकी, म्हणजे सुमारे २७ अंश कललेली आहे. त्यामुळे ती पृथ्वीच्या आसाला समांतर राहते, आणि बाजूच्या कमानींवर सावली सेकंदाला सुमारे एक मिलिमीटर या सारख्याच गतीने सरकते. सारे चातुर्य त्या उतारात साठविले आहे. पाहणाऱ्याने केवळ रेघा मोजावयाच्या.

श्रोतेहो, आज पाण्याचे पंप, गिरण्या, वीजकेंद्रे यांचा कारभार लहानशा नियंत्रक संगणकाकडे असतो. त्यात आज्ञावली भरलेली असते. एका पंपघरात ती लिहिणाऱ्या हुशार गृहस्थांनी बारा पंपांसाठी एकच सूत्र रचले होते. कागदावर ते फार देखणे होते. पुढे गृहस्थ नोकरी सोडून गेले, आणि एका मध्यरात्री पंप थांबले. रात्रपाळीचा वीजतंत्री पडद्यावरील आकड्यांकडे पाहत राहिला. दोष होता टाकीतील फ्लोट स्विचच्या ढिल्या तारेचा; पण तो सापडावयास सकाळ उजाडली, आणि वस्तीला त्या दिवशी पाणी मिळाले नाही.

या विद्येच्या आरंभी हे भान होते. अमेरिकेतील जनरल मोटर्स कंपनीत गाडीचे रूप बदलले की रिलेंच्या कपाटांतील तारा पुन्हा जोडाव्या लागत. १९६८ साली कंपनीने त्यावर उपाय मागितला, आणि १९६९ मध्ये 'मॉडिकॉन ०८४' हा नियंत्रक आला. त्याच्या आज्ञा शिडीच्या आकृतीत लिहीत, कारण कारखान्यातील वीजतंत्र्यांना तीच आकृती परिचित होती. कोणत्या पायरीवर वाट अडली, हे त्यांना डोळ्यांनी दिसे.

तथापि भाबडा साधेपणाही तारक नाही. बारा पंपांसाठी तोच मजकूर बारा वेळा उतरविला, तर दुरुस्ती अकरा ठिकाणी होते आणि बारावे ठिकाण राहून जाते. तेव्हा नीट पारखलेला एकच ठोकळा सर्वांना वापरावा. परंतु कोणता पंप कोणत्या अटीमुळे थांबला, हे त्याच्या नावानिशी पडद्यावर उमटावे. चातुर्य रचनेत असावे, वाचनात नव्हे.

जयसिंह १७४३ साली निवर्तले. पुढे दीडशेहून अधिक वर्षांनी, १९०१ च्या सुमारास, लेफ्टनंट गॅरेट आणि पंडित चंद्रधर शर्मा गुलेरी यांच्या देखरेखीखाली या वेधशाळेचा जीर्णोद्धार झाला. बांधणारा विचारावयास उरला नव्हता. पण यंत्राचा नियम त्याच्या आकारातच उघडा होता. आज्ञावली लिहिणाऱ्याने एवढेच ध्यानी ठेवावे की, ती वाचणारा कदाचित मध्यरात्री एकटाच असेल, आणि सकाळी नळाखाली घागरी मांडल्या जाणार असतील.