हातांना कळलेलं शरीर

बोलोन्या शहरातल्या पालात्सो पोज्जी संग्रहालयात एका स्त्रीचा मेणाचा अर्धपुतळा आहे. अंगावर उंची पोशाख आणि दागिने. पुढ्यात माणसाचं डोकं, कवटी उघडून मेंदू दिसेल असं ठेवलेलं. बाईंच्या हातात शस्त्र. आन्ना मोरांदी मांझोलिनी (१७१४–१७७४) यांनी हा स्वतःचाच पुतळा घडवला. त्याच्या जोडीला त्यांनी पतीचा, जोव्हान्नी मांझोलिनींचाही पुतळा केला. जोव्हान्नींच्या हाताशी हृदय आहे. बुद्धी पुरुषाची आणि हृदय बाईचं, ही त्या काळातली ठरीव वाटणी मोरांदींनी सरळ उलटून टाकली.

त्या काळी शरीररचना शिकायची तर प्रेत हवं, आणि प्रेत टिकत नसे. शवविच्छेदन थंडीच्या दिवसांत उरकावं लागे. चित्र टिकतं, पण त्याला मागची बाजू नसते. मेणात या दोन्ही अडचणींवर तोड सापडली. मधमाश्यांच्या मेणात टर्पेंटाइन, राळ आणि रंग मिसळून ते प्लास्टरच्या साच्यात एकावर एक पातळ थर देत ओतायचं. रंग आतूनच झिरपल्यासारखा दिसतो, म्हणून मेणाची कातडी खरी वाटते. बारीक वाहिन्यांसाठी मेणात बुडवलेले रेशमी धागे वापरत. सतराव्या शतकाच्या अखेरीस सिसिलीच्या गाएतानो झुंबोने मेणातून कुजणारी प्रेतं आणि चिरलेलं डोकं हुबेहूब उभं केलं, तेव्हाच या माध्यमाची ताकद दिसली होती. पुढे १७४२ मध्ये पोप बेनेडिक्ट चौदावे यांनी बोलोन्याच्या एर्कोले लेल्ली यांच्याकडून आठ पूर्णाकृती करवून घेतल्या. जोव्हान्नी लेल्लींच्या हाताखाली होते. दोघांचं बिनसलं आणि मांझोलिनी दांपत्याने घरातच आपली कार्यशाळा थाटली. प्रेतं घरी येत, तिथेच चिरली जात आणि तिथेच मेणात उतरत.

मोरांदींचं खरं मोठेपण मला त्यांनी केलेल्या ज्ञानेंद्रियांच्या प्रतिकृतींत दिसतं. स्पर्श म्हणजे काय, हे दाखवायला त्यांनी हात घडवले: एक मऊ उशीवर विसावलेला, दुसरा काट्यांना लागलेला. बोटांच्या ठेवणीतूनच सुख आणि वेदना कळते. स्नायू आणि त्यांच्या हालचाली अचूक हव्यात म्हणून शास्त्र लागलं आणि वेदना ओळखू यावी म्हणून कला; पण हात बघताना त्यांतलं काय कुठे संपतं ते सांगता येत नाही. डोळ्याच्या एका तिरप्या स्नायूची टोकं नेमकी कुठे जोडलेली आहेत, याबद्दलही त्यांनी स्वतःचं निरीक्षण लिहून ठेवलं आहे. चित्रकाराला एखादी न कळलेली जागा सावलीत ढकलता येते. मेणात तशी सोय नाही. प्रत्येक स्नायू कुठून निघतो आणि कुठे चिकटतो हे घडवणाऱ्याला ठरवावंच लागतं. म्हणून अशा कारागिराला शास्त्रज्ञाचा मदतनीस म्हणणं मला अन्यायाचं वाटतं. तो स्वतःच शोध घेत असतो. पती १७५५ मध्ये गेल्यावर मोरांदींनी एकटीने अध्यापन आणि घडवणं चालू ठेवलं. युरोपभर कीर्ती झाली, पण पैशांची चणचण काही सुटली नाही. अखेर त्यांना आपला संग्रह एका सरदाराला विकावा लागला.

पुढचा टप्पा फ्लोरेन्सचा. ग्रँड ड्यूक पिएत्रो लेओपोल्दो यांनी १७७५ मध्ये 'ला स्पेकोला' हे संग्रहालय सामान्य लोकांसाठी खुलं केलं. संचालक होते फेलीचे फोन्ताना आणि घडवणाऱ्यांत सर्वांत नावाजलेले क्लेमेन्ते सुसिनी. इथली 'व्हीनस' जगप्रसिद्ध आहे: खऱ्या केसांची, गळ्यात मोत्यांची माळ, रेशमावर निजलेली, आणि पोट उघडून एकेक अवयव बाहेर काढता येईल अशी. मरणाची घृणा वाटू नये म्हणून तिला सुंदर केलं हे समजू शकतं, पण तिथे बघणाऱ्याची नजर शास्त्राच्या पुढे धावते. लसिकावाहिन्यांची आकृती मला त्याहून मोठी वाटते. पाओलो मास्कान्यींनी पारा भरून या वाहिन्या दृश्य केल्या आणि त्यांचं जाळं मेणाच्या शरीरावर उतरलं. सहसा नजरेलाही न पडणारी गोष्ट माणसाएवढी होऊन समोर उभी राहिली.

ही कीर्ती ऐकून सम्राट जोसेफ दुसरे यांनी व्हिएन्नाच्या लष्करी शल्यविद्यालयासाठी ११९२ प्रतिकृती मागवल्या. खेचरांवर लादून त्या आल्प्स ओलांडून नेल्या. तिथल्या काही डॉक्टरांनी मात्र नाक मुरडलं. त्यांचं म्हणणं, शल्यवैद्याचे हात प्रेतावरच तयार होतात. त्यांच्या तक्रारीत तथ्य होतं. मेण हाताळलं की झिजतं, हे फोन्तानाही ओळखून होते. म्हणून त्यांनी उतारवयात सुटे भाग होणाऱ्या लाकडी माणसाचा ध्यास घेतला. पण लाकूड दमट हवेने फुगतं.

एकोणिसाव्या शतकात मेण कातडीच्या रोगांकडे वळलं. पॅरिसच्या सेंट लुई इस्पितळात ज्यूल बारेता हे कागदी लगद्याची फळं करणारे कारागीर रुग्णाच्या अंगावरूनच प्लास्टरचा साचा घेऊ लागले. तिथल्या संग्रहात ४८०० च्या आसपास प्रतिकृती आहेत. फॉर्मेलिन शव टिकवतं हे १८९३ मध्ये कळलं. मागोमाग रंगीत छायाचित्रं आली आणि कार्यशाळा बंद पडत गेल्या. ज्युरिचच्या विद्यापीठाने मात्र आपला संग्रह जपला. त्यात देवीच्या रुग्णांच्या प्रतिकृती आहेत. १९८० मध्ये देवीचं उच्चाटन झाल्याचं जाहीर झालं. तो पुरळ कातडीतून कसा वर उठत असे, हे आजचे विद्यार्थी या मेणावर बघू शकतात.