कथील, चपडी आणि बिलिमोऱ्याचं सागवान

"भाऊ, ही दारू प्यालीय," मेस्त्री म्हणाले आणि कार्बोरेटरच्या वाटीतून काढलेला बुचाचा फ्लोट त्यांनी माझ्या तळहातावर ठेवला. सुरतेत उधन्याच्या एका शेडमध्ये, लूमचे सुटे भाग कातणाऱ्या दोन लेथच्या मधे, विसाच्या दशकातली फोर्ड मॉडेल टी उभी होती. फ्लोट हलकाफुल हवा. हा भिजलेल्या खारकेसारखा जड लागत होता. बुचात पेट्रोल मुरू नये म्हणून त्याला चपडीचे हात दिलेले असतात, आणि चपडी विरघळते स्पिरिटमध्ये. पॉलिशवाल्या कुठल्याही सुताराला विचारा. पंपावरच्या पेट्रोलमध्ये आता वीस टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं, म्हणजे स्पिरिटच. चपडी सुटली, बुचानं पेट्रोल शोषलं, फ्लोट बुडाला, सुई उघडीच राहिली आणि रात्रभरात टाकी फरशीवर रिकामी झाली. शंभरेक पावसाळे काढलेल्या गाडीला उसाच्या स्पिरिटनं आडवं केलं.

मेस्त्री मूळचे खानदेशचे. वडील पोटासाठी सुरतेला आले, लूमच्या कारखान्यात टर्नर झाले. मुलगा त्याच लेथवर वाढला. जुन्या मोटारींचं शिक्षण त्यांना कुणी दिलं नाही. हा लेख लिहायला बसलो तो याच गोष्टीमुळे. जुन्या गाड्यांबद्दल आपल्याकडे लिहिलं जातं ते राजेरजवाड्यांचं, त्यांच्या रोल्स-रॉइसचं आणि लिलावातल्या आकड्यांचं. गाडी चालती राहते ती मात्र दुसऱ्याच कुठल्या तरी धंद्यात तयार झालेल्या हातांमुळे.

राजांचं थोडक्यात सांगून टाकतो. सुरत शहर इंग्रजांचं आणि व्यापाऱ्यांचं. संस्थानं आजूबाजूला: सचिन, वांसदा, धरमपूर आणि जरा वर राजपीपळा. राजपीपळ्याचे महाराज विजयसिंहजी यांच्या 'विंडसर लॅड' या घोड्यानं 1934 ची एप्सम डर्बी जिंकली. मोटारींचा शौक त्याच तोलाचा. आपल्या मराठी मुलखाची गोष्ट त्याहून जुनी. 1908 मध्ये मुंबई–कोल्हापूर अशी मोटारींची कसोटी झाली. 620 मैल, वाटेत सहा घाट. ती जिंकली 'पर्ल ऑफ द ईस्ट' नावाच्या रोल्स-रॉइस सिल्व्हर घोस्टनं, आणि पुढे ती गाडी ग्वाल्हेरच्या माधवराव शिंद्यांनी घेतली. हिंदुस्थानात रोल्स-रॉइसचा जो दबदबा झाला, त्याचा एक पाया आपल्या घाटांत घातला गेला.

मॉडेल टीची जात वेगळी. 1908 ते 1927 या काळात दीड कोटीवर निघालेली ही गरिबाची गाडी. इकडे यायची ती बहुतेक कॅनडातून, उजव्या हाताच्या स्टिअरिंगची. 1926 मध्ये फोर्डनं मुंबईत स्वतःची कंपनीच काढली. मॉडेल टीची तऱ्हा आजच्या ड्रायव्हरला चक्रावून टाकते. पायाशी तीन पेडल: डावं गिअरचं, मधलं रिव्हर्सचं, उजवं ब्रेकचं. अ‍ॅक्सिलरेटर हाताशी, स्टिअरिंगखालच्या दांडीवर. टाकी सीटखाली आणि पेट्रोल पंपाविना, निव्वळ उतारानं इंजिनात जायचं. त्यामुळे उभ्या चढावर टाकी कमी भरलेली असली की इंजिन तहानेनं बंद. उपाय म्हणजे गाडी फिरवायची आणि घाट उलटा चढायचा. रिव्हर्सचा गिअर सगळ्यांत जोरकसही असतो.

या इंजिनाला बाजारात मिळणाऱ्या तयार बेअरिंग नाहीत. क्रँकशाफ्ट ज्यावर फिरतो तो पांढरा धातू, म्हणजे कथील, अँटिमनी आणि तांब्याचं मिश्रण, थेट ब्लॉकमध्ये ओतलेला असतो. हे काम मी एक अख्खा दिवस बसून पाहिलं. आधी ब्लॉक तापवायचा, नाहीतर ओतलेला धातू धरत नाही. कढल्यातला रस पुरेसा तापला की नाही, हे मेस्त्री लाकडाची काडी बुडवून बघतात: काडी नुसती काळवंडली तर ठीक, भपकन पेटली तर रस जास्त तापला. ओतून निवल्यावर खरं काम सुरू होतं. शाफ्टला निळा रंग पुसटसा लावायचा, शाफ्ट बसवून फिरवायचा, परत काढायचा. धातूवर निळे ठिपके उमटतात तिथेच तो उंच आहे. तेवढाच स्क्रेपरनं खरवडायचा. परत निळा, परत फिरवणं. पहिल्या खेपेला चार-पाच ठिपके दिसले, संध्याकाळपर्यंत पावसाची बुरबुर पडल्यासारखी सगळीकडे निळी खडी उमटली. "आता बसला," म्हणून मेस्त्री उठले. कथील मऊ असतं ते मुद्दामच. तेलातून कचरा आला तर तो कथलात रुतून बसतो, शाफ्टला चरा पडत नाही. तेल संपलं तर कथील वितळून जातं आणि शाफ्ट बहुधा वाचतो.

लाकूड हा दुसरा जीवघेणा विषय. त्या काळच्या बॉडीचा पत्रा लाकडी सांगाड्यावर ठोकलेला असे. विलायतेत अ‍ॅशचं लाकूड, इकडे सागवान. पत्र्यावर गंज दिसतो तरी, आतली वाळवी दार निखळेपर्यंत कळत नाही. या बाबतीत सुरतकर नशीबवान. दक्षिणेला बिलिमोरा आहे, डांगच्या सागाची जुनी पेठ. त्या जंगलातलं लाकूड उतरवायला सयाजीराव गायकवाडांच्या बडोदे संस्थानानं बिलिमोरा–वघई ही नॅरोगेज टाकली. या गाडीचे दरवाजे तिथल्याच सुतारानं केले, जुन्या वाशांचं लाकूड वापरून. नवं लाकूड एक पावसाळा गेला की पीळ खातं.

मुलाम्याचा वाद मात्र मालकाशी झाला. त्यांना पुढची रेडिएटरची चौकट झळझळीत पितळी हवी होती. सुरत जरीचं गाव, तारेवर सोन्याचा मुलामा चढवणारे हौद इथे गल्लोगल्ली. चमक हवी तेवढी मिळते. पण मॉडेल टीची पितळी चौकट 1917 च्या मॉडेलपासून गेली आणि काळी पत्र्याची आली. विसाच्या दशकातल्या गाडीला पितळ लावणं म्हणजे नव्वारीवर मनगटी घड्याळ घालून पेशवाईचं नाटक करणं. तीच गत क्रोमची. ते आलं दशकाच्या शेवटी. त्याआधी निकेल, ज्याची झाक किंचित पिवळसर असते, क्रोमची निळसर. मालक रुसले, पण चौकट काळीच राहिली.

हा नुसता हौशी काथ्याकूट नाही. 2021 मध्ये केंद्र सरकारनं जुन्या वाहनांसाठी वेगळे नियम केले: पहिल्या नोंदणीला पन्नास वर्षं उलटलेली, मूळ रूपात जपलेली गाडी 'व्हिंटेज' म्हणून नोंदवता येते. नंबरात 'व्हीए' ही अक्षरं, नोंदणीला 20 हजार रुपये, मुदत 10 वर्षं. रोजच्या वापराला किंवा धंद्याला बंदी. रॅली, प्रदर्शन, पेट्रोल, दुरुस्ती यांसाठी रस्त्यावर आणता येते. चासी, बॉडी, इंजिन यांत मोठा फेरबदल नको, ही अटही आहे. ती वाजवी वाटते, पण वाळवीनं निम्मा सांगाडा खाल्ल्यावर मूळ काय उरतं, हे कागदावर कसं लिहायचं?

1971 मध्ये तनखे बंद झाले आणि संस्थानिकांच्या गाड्या कवडीमोलानं निघाल्या. काही परदेशी गेल्या, कित्येक भंगारात. त्या काळात ज्यांनी त्या वेचल्या, त्यांत प्राणलाल भोगीलाल यांचं नाव मोठं. अहमदाबादजवळ कठवाड्याला त्यांच्या संग्रहात शंभरावर गाड्या आहेत. पाहाव्यात जरूर. मला स्वतःला संग्रहालयातल्या गाडीपेक्षा कोल्हापूरच्या छत्रपतींची मेबॅक जास्त आवडते. ती दसऱ्याला मिरवणुकीत चौकात येते. वर्षातून एकदा का होईना, ठरल्या दिवशी चालावंच लागतं, म्हणून कुणाला तरी तिची काळजी घ्यावीच लागते.

उभ्या गाडीचे हाल सुरतेनं ऑगस्ट 2006 मध्ये पाहिले. उकाईचं पाणी सोडलं, तापी शहरात शिरली, गाड्या दिवसचे दिवस गाळात. मेस्त्रींचा त्यावरचा धडा एकच: बुडालेलं इंजिन सुरू करून बघायचं नाही. आधी प्लग काढायचे, तेल सांडून टाकायचं, सिलिंडरमध्ये डिझेल ओतायचं, मग हातानं हळूहळू फिरवायचं. ज्यांनी घाईनं स्टार्टर मारला, त्यांचे कनेक्टिंग रॉड वाकले.

फ्लोट मेस्त्रींनी नवा केला, पातळ पितळी पत्र्याचा, डाग देऊन. गरम पाण्यात बुडवून बुडबुडा येतो का पाहिलं. आला नाही. मग हँडल माझ्या हातात देऊन त्यांनी अंगठा बोटांच्या बाजूला घ्यायला लावला, दांडीला वेढायचा नाही. इंजिन उलटं फिरलं तर मनगट मोडतं. 1912 मध्ये कॅडिलॅकनं विजेचा स्टार्टर आणला तो या दुखण्यावरच. स्पार्कची दांडी त्यांनी स्वतः वर सरकवली, दोनदा तपासली. मी पहिल्यांदा ओढलं, नुसता खोकला. दुसऱ्यांदा ओढलं, काही नाही.

"भाऊ, सरका," मेस्त्री म्हणाले. त्यांनी अर्धाच फेरा ओढला. शेजारच्या लेथवरच्या पोरानं मशीन बंद करून मान वळवली.