स्वारगेटच्या मेट्रोत फ्रान्सचा पैसा : दोन देशांची दोस्ती म्हणजे नक्की काय?

'भारत-फ्रान्स स्ट्रॅटेजिक पार्टनरशिप' अशी हेडलाइन दिसली की आपण बहुतेक जण स्क्रोल करून पुढे जातो. राफेल, गळाभेट, फोटो, विषय संपला. पण या पार्टनरशिपचा एक तुकडा स्वारगेटला जमिनीखाली आहे आणि त्याची परतफेड आपल्याच पैशातून होणार आहे. म्हणून आज जरा नीट समजून घेऊ.

29 सप्टेंबर 2024 ला जिल्हा न्यायालय ते स्वारगेट हा भुयारी टप्पा सुरू झाला. आता पिंपरीहून निघालेला माणूस कसबा पेठ, मंडईच्या खालून थेट स्वारगेटला उतरतो. पुणे मेट्रोच्या या पहिल्या फेजसाठी फ्रान्सच्या सरकारी विकास संस्थेने, म्हणजे एएफडीने, जानेवारी 2019 मध्ये 24.5 कोटी युरोचा करार केला. युरोपियन इन्व्हेस्टमेंट बँकेचे 60 कोटी युरो वेगळे.

इथे एक गोष्ट लक्षात ठेवा : ही मदत नाही, कर्ज आहे. आणि ते युरोमध्ये आहे. 2019 च्या सुरुवातीला एक युरो साधारण 80 रुपयांना होता. 2025 मध्ये तो शंभरी ओलांडून गेला. म्हणजे 24.5 कोटी युरो तेव्हा सुमारे 1,960 कोटी रुपये होते, तेच 100 च्या भावाने 2,450 कोटी होतात. पैसे हप्त्यांनी येतात आणि जातात, त्यामुळे खरा हिशोब इतका सरळ नसतो. पण रुपया घसरला की परतफेड महागते, हे पक्कं. व्याज कमी आहे म्हणून कर्ज स्वस्त, असं लगेच म्हणता येत नाही, ते यामुळेच.

मग फ्रान्स हे का करतो? जानेवारी 1998 मध्ये भारत आणि फ्रान्स स्ट्रॅटेजिक पार्टनर झाले. चारच महिन्यांनी पोखरणला अणुचाचण्या झाल्या. अमेरिका, जपानने निर्बंध लादले. फ्रान्सने लादले नाहीत. तो विश्वास पुढे संरक्षण, अणुऊर्जा आणि व्यापारात कामाला आला. आपल्याला हवं होतं तंत्रज्ञान आणि भांडवल, त्यांना हवी होती मोठी बाजारपेठ आणि आशियात भरवशाचा साथीदार. दोस्ती आहेच, पण दोघांचाही हिशोब आहे.

याच दोस्तीची आणखी दोन रूपं महाराष्ट्रात दिसतात. पहिलं मुंबईत. 2005 च्या करारानुसार माझगाव डॉकमध्ये फ्रेंच डिझाइनच्या सहा स्कॉर्पिन पाणबुड्या बांधल्या गेल्या. 'कलवरी' डिसेंबर 2017 मध्ये नौदलात आली, सहावी 'वाघशीर' जानेवारी 2025 मध्ये. वेळ खूप लागला, पण पाणबुडी बांधण्याचं कसब आपल्या कामगारांच्या हातात आलं.

दुसरं रत्नागिरी जिल्ह्यात, जैतापूरला. 1650 मेगावॅटच्या सहा फ्रेंच अणुभट्ट्यांचा प्रकल्प. डिसेंबर 2010 मध्ये फ्रान्सच्या राष्ट्राध्यक्षांच्या दौऱ्यात करार झाले. पण मच्छीमार आणि आंबा बागायतदारांचा विरोध होता. एप्रिल 2011 मध्ये आंदोलनावर पोलिसांनी केलेल्या गोळीबारात एकाचा जीव गेला. पुढे विजेची किंमत आणि अपघात झाल्यास भरपाई कोणी द्यायची, या प्रश्नांवर गाडी वर्षानुवर्षं अडकली.

देश तेच दोन, पण निकाल तीन वेगवेगळे. स्वारगेटला सोय मिळाली आणि कर्ज आलं. माझगावला कौशल्य मिळालं. जैतापूरला जमीन गेली, वीज मात्र आली नाही.

म्हणून पुढच्या वेळी दोन नेत्यांचा हातात हात घेतलेला फोटो दिसला, की तीन प्रश्न विचारा. पैसा कर्ज आहे की गुंतवणूक, आणि कोणत्या चलनात? काम संपल्यावर तंत्रज्ञान इथे राहणार का? आणि ज्यांच्या दारात प्रकल्प येतोय, त्यांना आधी कोणी विचारलं का? दोस्ती खरी किती, हे या उत्तरांवरून कळतं.