अंबरनाथचे शिल्प आणि पाहणारा मेंदू

अंबरनाथ येथे वालधुनी नदीच्या काठी उभे असलेले आणि शिलालेखात शके ९८२, म्हणजे इ.स. १०६० असा काळ नोंदलेले शिलाहारकालीन शिवमंदिर शिल्पकलेइतकेच दृष्टीच्या अभ्यासासाठीही मोलाचे आहे. भर उन्हातून सभामंडपात शिरणाऱ्याला प्रथम फारसे दिसत नाही. कारण डोळ्याच्या आतील प्रकाशसंवेदी पडद्यावर, म्हणजे दृष्टिपटलावर, रंग व बारकावे टिपणाऱ्या सुमारे ६० लाख शंकुपेशी उजेडात काम करतात, तर मंद प्रकाशासाठी असलेल्या सुमारे १२ कोटी दंडपेशींना उन्हाने विरलेले रंगद्रव्य पूर्ववत करण्यास २० ते ३० मिनिटे लागू शकतात.

बाहेरील भिंतींवरच्या मूर्तींचा उठाव जाणण्यात मेंदूचा वाटा मोठा आहे. दृष्टिपटलावरील प्रतिमा सपाट असते. तिचे संदेश सुमारे १० लाख तंतूंच्या दृष्टिचेतेवाटे निघून डोक्याच्या मागील बाजूस असलेल्या मेंदूच्या दृष्टिकेंद्रात पोहोचतात, जेथे ठरावीक दिशेच्या कडांनाच प्रतिसाद देणाऱ्या पेशी असल्याचे डेव्हिड ह्यूबेल व टॉर्स्टन वीझेल यांनी दाखवले आणि १९८१ च्या नोबेल पारितोषिकाचे ते मानकरी ठरले. प्रकाश वरून येतो असे मेंदू गृहीत धरतो, म्हणून वरची कड उजळ आणि खालची छायेत असलेला भाग त्याला उंचावलेला वाटतो. त्याच शिल्पाचे छायाचित्र उलटे धरल्यास उठाव खोलगट भासू शकतो.

उल्हासनगर, अंबरनाथ व बदलापूर येथील शिक्षकांनी विद्यार्थ्यांना हे मंदिर अवश्य दाखवावे. इतिहासाबरोबरच दृष्टीचे विज्ञानही तेथे प्रत्यक्ष शिकता येते.