तीन चाकांनी झुकायचं कसं?

दोनपेक्षा तीन चाकं जास्त स्थिर, असं आपण धरून चालतो. उभ्या गाडीपुरतं ते खरंच आहे. पण ताठ चौकटीची तीनचाकी सायकल वेगात वळवली, की आतलं चाक उचललं जातं. गुरुत्वमध्य जितका उंच आणि चाकांमधलं अंतर जितकं कमी, तितकी ती लवकर उलटते.

दुचाकीस्वार मात्र वळणाच्या आत झुकतो. ताशी १८ किलोमीटर वेगाने ५ मीटर त्रिज्येचं वळण घ्यायला सुमारे २७ अंश झुकावं लागतं. मग वजन आणि वळणाचा जोर यांचा एकत्रित रोख थेट चाकांवर येतो आणि तोल टिकतो.

हीच युक्ती २००६ साली आलेल्या पियाजिओच्या एमपी३ स्कूटरमध्ये आहे. समांतरभुज चौकोनासारख्या जोडणीमुळे तिची पुढची दोन्ही चाकं चालकासोबत कलतात. ओल्या रस्त्यावर एक घसरलं, तरी दुसरं पकड धरू शकतं.

मेख थांबताना आहे. मोकळी झुकणारी गाडी उभी राहिली, की दुचाकीसारखीच कलंडते. म्हणून सिग्नलला झुकाव रोखणारी कळ लागते. निघताना मात्र ती सुटायलाच हवी. नाहीतर पहिल्याच वळणावर गाडी पुन्हा ताठच!