काटक आहात, पण तयार आहात का?

बीड जिल्ह्यातली मुलं आता शिक्षण-नोकरीसाठी पुण्यापाशी थांबत नाहीत. जर्मनी, आयर्लंड, अमेरिकेपर्यंत पोचली आहेत. तिथं ऑफिसातली मंडळी मॅरेथॉनला नावं नोंदवतात आणि यांनाही विचारतात. इकडून गेलेला गडी पुष्कळदा हो म्हणून बसतो, तेही स्पर्धा दोन-तीन आठवड्यांवर आलेली असताना. त्याचा हिशेब सरळ असतो: आपण दुष्काळी मुलखातले, राबणाऱ्या घरातले, शाळेला पायी गेलेले, 42 किलोमीटरचं आपल्याला काय अवघड? या हिशेबातला काटकपणा खरा आहे. चुकतं ते पुढचं गणित, आणि ते कुठं चुकतं हे बीडच्याच उदाहरणावरून नीट कळतं.

आष्टी तालुक्यातल्या मांडव्याचा अविनाश साबळे लहानपणी सहा किलोमीटरवरच्या शाळेत पायी, कधी पळत जायचा, ही गोष्ट अनेकांना पाठ आहे. गोष्ट तेवढ्यावर थांबवली तर काटकपणाची बाजू भक्कम वाटते. पण त्या पायपिटीनं त्याला धावपटू केलं नाही. बारावीनंतर तो महार रेजिमेंटमध्ये गेला, सियाचीनची थंडी आणि राजस्थानचं वाळवंट पाहून आला, आणि स्पर्धेतलं धावणं सुरू झालं ते 2015 मध्ये, लष्करातल्या क्रॉसकंट्रीपासून. अमरीश कुमार या प्रशिक्षकांनी त्याला अडथळे ओलांडत धावायच्या स्टीपलचेस शर्यतीकडे वळवलं. 2018 मध्ये भुवनेश्वरला त्यानं 3000 मीटर स्टीपलचेस 8 मिनिटं 29.80 सेकंदांत पूर्ण करून गोपाळ सैनी यांचा 37 वर्षांचा राष्ट्रीय विक्रम मोडला. जुलै 2024 मध्ये पॅरिसला हीच वेळ 8:09.91 वर आली. मांडव्यातलं बालपण दोन्ही वेळी तेच होतं. मधल्या सहा वर्षांत भर पडली ती शिस्तीच्या सरावाची.

यावर कुणी म्हणेल, साबळे हाफ मॅरेथॉनचा खेळाडू नव्हता, तरी 29 नोव्हेंबर 2020 रोजी दिल्लीत त्यानं 21 किलोमीटर 1 तास 30 सेकंदांत कापले आणि 61 मिनिटांच्या आत येणारा पहिला भारतीय ठरला. मग खास तयारी लागते कुठं? पण स्टीपलचेसचा धावपटू वर्षानुवर्षं आठवड्याला कितीतरी किलोमीटर पळतच असतो. त्याचं हृदय, पोटऱ्या, घोट्याचे स्नायुबंध आधीच घडलेले होते. त्यानं फक्त शर्यत बदलली होती. ऑफिसातल्या खुर्चीवरून थेट स्टार्ट लाइनवर जाणाऱ्यानं त्याचा दाखला देऊ नये.

दुसरा दाखला ऊसतोडीचा दिला जातो. दिवाळीच्या सुमारास बीडमधून कोयत्याच्या जोड्या पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात जातात. पहाटेपासून तोडणी, मग मोळ्या बांधायच्या, डोक्यावर घेऊन फळीवरून ट्रकमध्ये चढवायच्या. एवढे कष्ट सोसणारं शरीर 42 किलोमीटर पळणार नाही का? अडचण अशी की शरीर ज्या कामाला लावावं त्याच कामासाठी घडतं. मोळी उचलणाऱ्याची पाठ आणि मांड्या बळकट होतात, पण त्याच्या नडगीला आणि टाचेला धावण्याचे हादरे सोसायची सवय नसते. मॅरेथॉनमध्ये 40 हजारांच्या आसपास पावलं पडतात आणि धावताना दर पावलाला अंगाच्या वजनाच्या दुपटीहून जास्त भार पायावर येतो. दम काही आठवड्यांत वाढतो. हाडं आणि स्नायुबंध पक्के व्हायला महिने लागतात. त्यामुळे छाती ‘चल’ म्हणत असते आणि गुडघा तेव्हाच बसतो. शिवाय स्नायूंत आणि यकृतात साठवलेली साखर बहुतेकांना तीसेक किलोमीटरपर्यंत पुरते. पुढच्या बारा किलोमीटरसाठी शरीराला चरबी वापरायला शिकवावं लागतं, आणि ते शिक्षण मुख्यतः लांब पल्ल्याच्या, सावकाश धावण्यातून मिळतं. भरतीसाठी 1600 मीटर मारणाऱ्या पोरांनाही हे लागू आहे. ती सहा मिनिटांची झुंज असते, ही चार-पाच तासांची.

इतिहासातली उदाहरणंही पुढे केली जातात. 1904 च्या सेंट लुईस ऑलिंपिकमध्ये क्युबाचा पोस्टमन फेलिक्स कार्वाहाल साध्या कपड्यांत धावून चौथा आला. तिथल्या जागतिक प्रदर्शनात बोअर युद्धाच्या खेळासाठी आलेले दक्षिण आफ्रिकेचे लेन ताउन्याने आणि यान मॅशियानी नववे आणि बारावे आले. परक्या देशात, जवळपास तयारीशिवाय! पण त्या दिवशी 32 जण सुटले आणि 14 च पोचले; विल्यम गार्सिया धुळीनं आतून रक्तस्राव होऊन मरता मरता वाचला. न पोचलेल्यांच्या गोष्टी आपण सांगत नाही, म्हणून पोचणं सोपं वाटतं. आपल्याकडचा बेळगावचा फडेप्पा चौगुले 1920 मध्ये अँटवर्पला 2 तास 50 मिनिटांत एकोणिसावा आला. पण डेक्कन जिमखान्याच्या स्पर्धांत तो आधीच चमकला होता आणि ऑलिंपिकपूर्वी इंग्लंडमध्ये काही आठवडे सरावही झाला होता.

परदेशात धोका आणखी वाढतो. थंड, कोरड्या हवेत घाम जाणवत नाही म्हणून कुणी पाणीच पीत नाही, तर कुणी भीतीपोटी इतकं पितो की रक्तातलं सोडियम घसरतं. 2002 च्या बोस्टन मॅरेथॉनमध्ये तपासलेल्या 488 धावपटूंपैकी 13 टक्क्यांचं सोडियम कमी भरलं होतं. छातीवरच्या स्पर्धा-क्रमांकाच्या (बिबच्या) मागं आजार, औषधं आणि अडीनडीला कळवायचा नंबर लिहायला जागा असते. नवखा माणूस ती कोरी सोडतो, नाहीतर गावाकडचा नंबर टाकतो. तिथल्या डॉक्टरला त्याचा काय उपयोग? विम्यात काय बसतं हेही आधीच वाचलेलं बरं.

म्हणजे पळूच नये असं नाही. आत्ता 10 किलोमीटरचं नाव नोंदवावं, पुढचे चार-पाच महिने अंतर हळूहळू वाढवावं आणि मग मॅरेथॉन धावावी. प्रश्न फक्त परदेशातल्या पोरांचा नाही. ‘आपली पोरं मुळातच काटक’ हे कौतुक ऐकायला गोड वाटतं, पण त्याच्या आडून मैदान आणि प्रशिक्षक यांची जबाबदारी झटकता येते. साबळेला हे दोन्ही मिळालं ते लष्करात गेल्यावर. जिल्ह्यातल्या पुढच्या पोराला ते आष्टीत, गेवराईत, अंबाजोगाईत मिळालं पाहिजे.