पेशींची स्वच्छता, उपोसथ आणि आमवात

पौर्णिमेचा उपोसथ पाळला की पेशी आतून स्वच्छ होतात आणि संधिवात जातो, असे अलीकडे आपल्या विहारांतूनही ऐकू येते. जोडीला २०१६ च्या नोबेल पुरस्काराचा दाखला दिला जातो. पुरस्कार खरा आहे. त्यावरून काढलेला निष्कर्ष मात्र तपासून घ्यावा लागेल, कारण त्याच्या भरवशावर औषधे सोडणाऱ्या माता-भगिनी सातारा-सांगलीच्या गावांत आहेत.

पेशीत जीर्ण झालेली प्रथिने एका पटलात गुंडाळली जातात आणि लायसोसोम नावाच्या पाचक पिशवीत त्यांचे विघटन होते. सुटलेले घटक पुन्हा वापरात येतात. लायसोसोमचे शोधक क्रिस्तियान द द्यूव्ह यांनी १९६३ मध्ये या क्रियेला ऑटोफॅजी, म्हणजे स्वभक्षण, हे नाव दिले. जपानच्या योशिनोरी ओसुमी यांनी यीस्टच्या पेशी उपाशी ठेवून ही क्रिया पाहिली आणि ती चालवणारी जनुके शोधून काढली. २०१६ चा पुरस्कार या कार्याचा आहे. संधिवाताच्या उपचाराशी त्याचा संबंध नव्हता.

आमवातात शरीराची संरक्षक व्यवस्था स्वतःच्याच सांध्यांच्या अस्तरावर उलटते. उतारवयात दुखणारे गुडघे बहुधा झिजेचे असतात. आमवाताची खूण निराळी: दोन्ही हातांची बोटे व मनगटे सुजतात आणि सकाळी तास-तासभर मूठ वळत नाही. पुणे जिल्ह्यातील भिगवण येथे डॉ. अरविंद चोप्रा व सहकाऱ्यांनी १९९६ मध्ये चार हजारांहून अधिक प्रौढांची घरोघरी पाहणी सुरू केली. तीत आमवाताचे प्रमाण हजारी सुमारे पाच आढळले. आकडा लहान वाटतो. पण हा रोग पुरुषांहून स्त्रियांना दुपटी-तिपटीने अधिक होतो, आणि खुरपे धरणारी बोटेच वाकडी झाली तर त्या घराची मजुरी बुडते.

आता मुख्य प्रश्न. पेशींची स्वच्छता वाढली तर हा रोग हटेल का? संशोधन उलट दिशेचेही पुरावे देते. सुजलेल्या अस्तरातील पेशींत ऑटोफॅजी वाढलेली आढळते. तिच्या आधारे त्या पेशी मरायच्या वेळी मरत नाहीत आणि अस्तर जाड होत जाते. हाड पोखरणाऱ्या पेशींनाही तिचे बळ मिळते. आमवातात काही प्रथिनांचे रूप बदलते आणि शरीर त्यांना परके समजते. ती प्रथिने संरक्षक पेशींपुढे मांडण्यातही या यंत्रणेचा हात दिसतो. याउलट काही संरक्षक पेशींत ती कमी पडली, तर दाह भडकतो. येथे मध्यम मार्गाची आठवण होणे साहजिक आहे, पण पेशींना धम्म शिकवण्याचा मोह आवरावा. आमवातावर दिले जाणारे हायड्रॉक्सिक्लोरोक्विन हे मूळचे हिवतापाचे औषध लायसोसोमचे काम मंदावते. स्वच्छता वाढवणे हाच उपाय असता, तर या औषधाने रोग बळावायला हवा होता.

इतिहासाचा विद्यार्थी म्हणून आणखी एक नोंदवतो. ‘आमवात’ हा शब्द माधवनिदानात येतो. तेथे ‘आम’ म्हणजे न पचलेला अंश. त्यावरून प्राचीनांना ऑटोफॅजी ठाऊक होती असे सांगणारे भेटतात. सूक्ष्मदर्शक नसताना पेशी कोणी पाहिली, एवढेच त्यांना विचारावे. सांगलीच्या हळदीबाबतही तेच. प्रयोगशाळेत तिच्यातील द्रव्याचा पेशींवर परिणाम दिसतो, परंतु खाल्लेल्या हळदीतून ते रक्तात फारच थोडे उतरते.

उपवासाने काही रुग्णांची सूज उतरते, हे प्रयोगांत दिसले आहे. नेहमीचा आहार सुरू झाला की ती बहुधा परतते. मधुमेहाचे औषध चालू असणाऱ्यांनी वैद्यकीय सल्ल्यावाचून उपाशी राहणे धोक्याचे आहे. स्टेरॉइड एकाएकी बंद करणेही तसेच. उपोसथात मध्यान्हानंतरचे भोजन वर्ज्य असते, औषध नव्हे. महावग्गातील भेसज्जक्खंधकात आजारी भिक्खूंना तूप, लोणी, तेल, मध व काकवी ही औषधे अवेळीही घेण्याची अनुमती आहे.

रोगाच्या पहिल्या काही महिन्यांत उपचार सुरू झाले तर सांधे बरेच वाचवता येतात. एकदा झिजलेले हाड पूर्ववत होत नाही. मेथोट्रेक्झेट हे यातील प्रमुख औषध. ते आमवातासाठी आठवड्यातून एकच दिवस घ्यायचे असते. चुकून रोज घेतल्यास जिवावर बेतू शकते. म्हणून घरातील शिकलेल्या मुलाने वा मुलीने तो वार चिठ्ठीवर मोठ्या अक्षरांत लिहून द्यावा आणि ठरलेल्या वेळी रक्ततपासणीला आईसोबत जावे.